पायथन लायब्ररीचं डॉक्युमेंटेशन आपोआप: स्फिंक्स की आणखी काही?

अर्धाकप:
मंडळी, ऑफिसातली एक पायथन लायब्ररी माझ्या गळ्यात पडली आहे. साठेक फंक्शनं, लिहिणारा नोकरी सोडून गेला. डॉकस्ट्रिंग (फंक्शनातच लिहिलेलं त्याचं वर्णन) निम्म्यांनाच, त्याही गूगल पद्धतीच्या मांडणीत. स्फिंक्सचं ऑटोडॉक, म्हणजे डॉकस्ट्रिंगांतून पानं बनवणारं एक्स्टेंशन, चालवलं, तर डेटाबेसशी कनेक्शन होत नाही म्हणून एरर! मला नुसती पानं हवीत हो, डेटाबेस कशाला लागतोय?

जुनंखोड:
ऑटोडॉक फाइल नुसती वाचत नाही, मॉड्यूल खरोखर इंपोर्ट करतं. म्हणजे फंक्शनबाहेर जे काही लिहिलंय ते सगळं चालतं. त्या गृहस्थांनी कनेक्शन तिथेच उघडून ठेवलं असणार. ते आधी फंक्शनात हलवा, टेस्ट लिहितानाही दुवा द्याल. तोवर स्फिंक्सच्या ऑटोडॉक_मॉक_इंपोर्ट्स या सेटिंगमध्ये डेटाबेसच्या पॅकेजचं नाव टाका, त्याच्या जागी खोटं मॉड्यूल बसतं. गूगल पद्धतीसाठी नेपोलियन एक्स्टेंशन सुरू करा, ते स्फिंक्सबरोबरच येतं.

खडीसाखर:
साठ फंक्शनांना स्फिंक्स म्हणजे चार पाहुण्यांसाठी आचारी बोलावणं. शिवाय त्याची ती लिहायची पद्धत, रिस्ट्रक्चर्डटेक्स्ट! एक रिकामी ओळ विसरलात की यादी वरच्या परिच्छेदात जाऊन बसते.
एमकेडॉक्स (साध्या खुणांच्या मार्कडाउन फाइलींतून वेबसाइट बनवणारं टूल) आणि त्याचं प्लगइन एमकेडॉकस्ट्रिंग्ज घ्या. त्यामागचं ग्रिफ कोड न चालवता सोर्स वाचतं, त्यामुळे तुमचा डेटाबेस झोपलेलाच राहील. मार्कडाउन फाइलीत तीन कोलन, पुढे मॉड्यूलचं नाव, की पान तयार. गूगल पद्धत तर त्याची डीफॉल्टच आहे.

अर्धाकप:
आणि पीडॉक? एका कमांडीत होतं म्हणे.

खडीसाखर:
होतं, छानच होतं. पण तेही इंपोर्ट करतं, म्हणजे पुन्हा तीच एरर.

पोहेवाला:
आमचं सी++ आहे, त्यामुळे डॉक्सिजन. पायथनसाठी मी सुचवणार नाही.

जुनंखोड:
टूल कुठलंही घ्या, उरलेल्या निम्म्या फंक्शनांची पानं कोरीच येणार. इंटरोगेट चालवा, कुठे डॉकस्ट्रिंग नाही ते दाखवतं. आणि असलेल्यांवरही डोळे मिटून विश्वास नको. आमच्याकडे व्याजाच्या एका फंक्शनला 'दर टक्क्यांत द्या' असं लिहिलं होतं. आत गुणाकार थेट, म्हणजे १२ नव्हे, ०.१२ द्यायचे. वेबसाइटवर ती चूक इतकी देखणी दिसायची की कोणी शंकाच घेतली नाही. तेव्हापासून डॉकस्ट्रिंगमध्ये एक उदाहरण उत्तरासकट लिहितो आणि डॉकटेस्टने तपासतो. ते पायथनमध्ये आयतं आहे.

अर्धाकप:
एमकेडॉक्सने पानं निघाली, आभार! इंटरोगेट म्हणतंय, डॉकस्ट्रिंग ४३ टक्केच. उरलेलं सोमवारपासून.