विंडोजवर गिट एलएफएसमधील ४ जीबीपेक्षा मोठी फाइल तुटकी उतरते, उपाय काय?

प्रश्न
नमस्कार. आमच्याकडे उपग्रहचित्रांचा संग्रह गिट एलएफएसमध्ये, म्हणजे फाइल्सच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटच्या मोठ्या फाइल्ससाठीच्या जोडणीत, ठेवलेला आहे. लिनक्सवर क्लोन केल्यास (संग्रहाची प्रत उतरवून घेतल्यास) सर्व फाइल्स पूर्ण उतरतात. विंडोजवर मात्र, प्रणाली ६४ बिटची आणि डिस्क एनटीएफएस असूनही, ५३६८७०९१२० बाइटांची फाइल १०७३७४१८२४ बाइटांचीच उरते. गिटची आवृत्ती २.३३ आहे आणि ती बदलण्याची मंजुरी मिळण्यास वेळ लागेल. तोपर्यंत काय करता येईल?

उत्तर १
आपण दिलेल्या दोन आकड्यांतील फरक नेमका ४२९४९६७२९६, म्हणजे २ चा ३२ वा घात आहे, आणि दोषाचे मूळ तिथेच आहे. गिटच्या सी भाषेतील कोडमध्ये आकार बऱ्याच ठिकाणी ‘अनसाइन्ड लाँग’ या प्रकारात ठेवला जातो. हा प्रकार ६४ बिट लिनक्सवर ६४ बिटांचा असतो, पण विंडोजवर ३२ बिटांचाच राहतो, त्यामुळे वरचे बिट गळून पडतात. सर्व्हरवरील मूळ फाइल सुरक्षित आहे. एलएफएसने आणलेला मजकूर स्मज फिल्टरमार्फत (पॉइंटरच्या, म्हणजे मूळ फाइलची केवळ ओळख ठेवणाऱ्या छोट्या फाइलच्या, जागी खरा मजकूर देणाऱ्या टप्प्यातून) गिटच्या हाती जातो आणि गिट तो डिस्कवर लिहिते, त्या टप्प्यावर तो कापला जातो.

म्हणून गिटला मध्ये येऊच देऊ नये. ‘गिट_एलएफएस_स्किप_स्मज’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलला १ ही किंमत देऊन क्लोन करावे, म्हणजे केवळ लहान पॉइंटर फाइल्स उतरतील. त्यानंतर ‘गिट एलएफएस पुल’ चालवावे. या वेळी फाइल एलएफएस स्वतःच लिहिते.

उत्तर २
आधीच तुटकी उतरलेली फाइल केवळ ‘पुल’ने दुरुस्त होणार नाही, कारण जी फाइल पॉइंटर नाही तिला एलएफएस हात लावत नाही. ती एक्सप्लोररमधून हटवावी (‘गिट आरएम’ने नव्हे) आणि मग ‘गिट एलएफएस चेकआउट’ चालवावे. त्यानंतर ‘सर्टयुटिल’ने फाइलचा एसएचए२५६ हॅश (मजकुरावरून काढलेला ठसा) काढून तो पॉइंटरमधील ओआयडीशी, म्हणजे तिथे नोंदलेल्या मूळ फाइलच्या हॅशशी, अवश्य ताडून पाहावा. चित्रांवरून पुढची गणिते होणार असतील, तर केवळ आकार जुळला म्हणून निर्धास्त राहू नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता
दोन्ही पायऱ्या केल्या. आकार आणि हॅश जुळले. मनःपूर्वक आभार. नवी आवृत्ती बसवल्यावर हा खटाटोप संपेल का?

उत्तर १
एलएफएसपुरता संपेल. नोव्हेंबर २०२१ मधील २.३४ या आवृत्तीत फिल्टरच्या मार्गावरील हा दोष दूर झाला आहे. मात्र त्या दुरुस्तीच्या भरवशावर एवढ्या मोठ्या फाइल्स एलएफएसविना थेट गिटमध्ये घालू नयेत. तो मार्ग वेगळा आहे आणि ही दुरुस्ती त्याला लागू नाही. संग्रहात नेमक्या ४ जीबीच्या पटीतील फाइल्स असतील, तर शक्यतो २.४३ किंवा त्यापुढील आवृत्तीच मागून घ्यावी. इंडेक्समध्ये, म्हणजे गिटने ठेवलेल्या फाइल्सच्या नोंदवहीत, आकाराचे खालचे ३२ बिटच नोंदले जातात. अशा फाइलसाठी ती नोंद शून्य होते, आणि जुन्या आवृत्त्या ती फाइल बदललेली नसतानाही प्रत्येक ‘गिट स्टेटस’च्या (काय बदलले ते दाखवणाऱ्या आज्ञेच्या) वेळी पुन्हा वाचत बसतात.