वाचनालयाचे जुने संगणक लिनक्सवर (विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या मोफत संगणक प्रणालीवर) न्यावेत का, आणि नेले तर मराठीच्या जुन्या फायलींचे काय करावे?

खाडीकाठ (राजापूर तालुका) :

सर्वांना नमस्कार. आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयाचा मी मानद चिटणीस आहे. वाचनालयात चार डेस्कटॉप संगणक आहेत. चारही संगणकांत चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुन्या पद्धतीची फिरती हार्ड डिस्क आहे. विंडोज १० साठी मिळणारी सर्वसाधारण सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी बंद झाली. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीचा इंटेल प्रोसेसर लागतो, त्यामुळे तो मार्गही आमच्यासाठी बंद आहे. 'क' वर्गाच्या वाचनालयाच्या अनुदानात चार नवे संगणक बसत नाहीत, हे येथे वेगळे सांगायला नको.

दोन संगणक वाचकांसाठी आहेत. त्यांवर मुले निकाल पाहतात, नोकरीचे अर्ज भरतात. तिसऱ्यावर सभासदांची नोंद, वर्गणी आणि देवघेव चालते. चौथ्यावर वार्षिक अहवाल, सभांची इतिवृत्ते आणि पत्रव्यवहार होतो, आणि खरी अडचण तेथेच आहे. गेल्या अनेक वर्षांची इतिवृत्ते युनिकोडपूर्व (सर्व संगणकांवर चालणारी अक्षरांची प्रमाण पद्धत येण्याआधीच्या) मराठी फाँटमध्ये टंकलेली आहेत, आणि आमच्या ग्रंथपाल ताई टंकलेखन यंत्रावर शिकलेल्या असल्यामुळे रेमिंग्टन पद्धतीनेच लिहितात. इंटरनेट मोबाइलवरून घ्यावे लागते आणि त्याला रोजची मर्यादा आहे. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो.

अशा परिस्थितीत कोणते लिनक्स वितरण (म्हणजे लिनक्सचा कोणता तयार संच) निवडावे, आणि ते निवडण्याआधी कोणत्या गोष्टी तपासून घ्याव्यात, यावर अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

पोफळ (गुहागर) :

मी आमच्या भागातील शाळांचे आणि पतसंस्थांचे संगणक सांभाळतो, त्यामुळे आपण वर्णन केलेली यंत्रे माझ्या रोजच्या परिचयाची आहेत. वितरणाचे नाव आधी सांगून टाकतो : लिनक्स मिंटची एक्सएफसीई (हलक्या डेस्कटॉपची) आवृत्ती. मिंट २२ ही मालिका उबुंटू २४.०४ वर आधारलेली असून तिला २०२९ पर्यंत अद्यतने मिळणार आहेत. तिची किमान गरज २ जीबी रॅमची आहे आणि ४ जीबीवर ती नीट चालते. सिनॅमन आवृत्ती दिसायला अधिक देखणी आहे, पण आपल्या यंत्रांवर ती देखणेपणाची किंमत वसूल करील. एक गोष्ट मात्र स्पष्ट असू द्या : रॅम खाते ती मुख्यतः ब्राउझर, आणि ब्राउझर सगळीकडे सारखाच खातो. वाचकांच्या यंत्रांवर दहा-बारा टॅब उघडले, तर कोणतेही लिनक्स ती यंत्रे वाचवू शकणार नाही.

म्हणून थोडे पैसे हाताशी असतील, तर ते आधी एसएसडीवर (न फिरणाऱ्या, वेगवान डिस्कवर) खर्च करा. २४० किंवा २५६ जीबीची साधी साटा एसएसडी बसवल्याने जेवढा फरक पडतो, तेवढा वितरण बदलल्याने पडत नाही. त्यानंतर रॅम ८ जीबी करता आली तर उत्तमच. जुन्या डिस्क फेकू नका. त्या प्रती ठेवण्यासाठी उपयोगी पडतील, पण त्याआधी मिंटमधील 'डिस्क्स' या साधनात त्यांची 'स्मार्ट' माहिती (डिस्कने स्वतः ठेवलेली तिच्या प्रकृतीची नोंद) पाहून घ्या. खराब झालेले सेक्टर दिसत असतील, तर त्या डिस्कवर काही ठेवू नये.

काहीही बसवण्याआधी पेन ड्राइव्हवरून मिंट नुसते चालवून पाहा. यात डिस्कला हात लागत नाही. या चाचणीत वाय-फाय, ध्वनी, स्कॅनर आणि मुख्य म्हणजे प्रिंटर तपासावा. एअरप्रिंट किंवा आयपीपी एव्हरीव्हेअर ही छपाईची प्रमाणे मानणारा प्रिंटर चालकाशिवाय (ड्रायव्हरशिवाय) चालतो आणि एचपीच्या बहुतेक प्रिंटरांसाठी एचपीलिप हा संच मिंटमध्ये आधीपासूनच असतो. काही जुन्या लेसर प्रिंटरांचे चालक मात्र केवळ विंडोजसाठी नीट बनवलेले असतात. तसा प्रिंटर निघाला, तर त्याच्याशी झगडत बसण्यापेक्षा तो विंडोज ठेवलेल्या एकाच यंत्राला जोडून ठेवावा आणि इतर यंत्रांवर पीडीएफ करून तेथून छापावे. वाय-फाय चिपचा चालक सापडला नाही, तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचे इंटरनेट संगणकाला देणे) सुरू करा. ते जवळपास नेहमी लगेच चालते आणि मग 'ड्रायव्हर मॅनेजर'मधून हवा तो चालक उतरवता येतो.

वाचकांच्या दोन यंत्रांवर 'लॉगिन विंडो'च्या मांडणीत पाहुणा सत्र सुरू करण्याची सोय आहे. मूळ मांडणीत ती बंद असते. पाहुणा सत्रातून बाहेर पडले की त्या वाचकाने उतरवलेल्या फायली आणि ब्राउझरमधील नोंदी पुसल्या जातात. नोकरीच्या अर्जासोबत मुले आधार कार्डाच्या प्रती सार्वजनिक यंत्रावर तशाच सोडून जातात. केवळ त्या कारणासाठीही हा बदल करण्यासारखा आहे, असे माझे मत आहे.

आता जुन्या फायली. युनिकोडपूर्व फाँटमध्ये मराठी अक्षरे रोमन अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. फाँट नसेल, तर त्याच फायलीत अर्थहीन रोमन मजकूर दिसतो. मजकूर नष्ट झालेला नसतो. फाँटची फाइल आपल्याकडे असेल आणि तिचा परवाना मुभा देत असेल, तर ती लिनक्सवर बसवून लिबरऑफिस या मोफत ऑफिस संचामध्ये फाइल वाचता आणि छापता येते. फाँट उपलब्ध नसला, तर फाँटच्या चौकटीत त्याचे नाव तिरप्या अक्षरांत दिसते, त्यावरून लगेच कळते. पण त्या फाँटात नवे लिहिण्यासाठी जे सॉफ्टवेअर वापरात होते, ते विंडोजवरच चालते. तेव्हा विंडोज चालू असतानाच दोन कामे उरका : सर्व इतिवृत्तांच्या पीडीएफ करून ठेवा, आणि ज्या फायलींचा मजकूर पुन्हा वापरावा लागतो तेवढ्याच युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतरानंतर पहिली वेलांटी, रफार आणि जोडाक्षरे डोळ्यांनी तपासणे आवश्यक आहे. जुन्या फाँटांत पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर टंकला जातो, तर युनिकोडमध्ये हे दोन्ही क्रम उलटे असतात. रूपांतरक नेमका तेथेच घसरतो. ठरावांतील नावे आणि आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहिल्याशिवाय जुनी फाइल पुसू नये.

सडा (देवगड) :

पोफळ यांच्या बहुतेक सूचना पटण्यासारख्या आहेत, पण वितरणाबाबत माझे मत वेगळे आहे. आपले इंटरनेट मर्यादित असेल, तर डेबियन स्टेबल आणि त्यावर एक्सएफसीई ही जोडी विचारात घ्यावी. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ प्रसिद्ध झाले. नेहमीचा तीन वर्षांचा आणि त्यापुढे दोन वर्षांचा दीर्घकालीन असा एकूण पाच वर्षांचा आधार त्याला आहे. त्यात मुख्यतः सुरक्षेची अद्यतने येतात, नवनव्या आवृत्त्यांचा मारा नसतो. पूर्वी डेबियनमध्ये वाय-फायची फर्मवेअर (चिपला लागणारे सॉफ्टवेअर) वेगळी शोधून आणावी लागे. २०२३ मधील डेबियन १२ पासून ती अधिकृत प्रतिमेतच असते, त्यामुळे जुना आक्षेप आता उरलेला नाही.

वितरण कोणतेही घ्या, पण चार यंत्रांनी तीच अद्यतने चार वेळा उतरवणे हा आपल्या भागात शुद्ध अपव्यय आहे. एका यंत्रावर ॲप्ट-कॅशर-एनजी बसवा आणि बाकीच्या तिघांना त्याच्याकडून पॅकेज घ्यायला सांगा. एकदा उतरलेले पॅकेज पुढे स्थानिक जाळ्यातूनच मिळते. हे मिंटलाही लागू आहे. फ्लॅटपॅकचा (प्रोग्रॅम बसवण्याच्या वेगळ्या पद्धतीचा) मोह मात्र आवरावा, कारण एखाद्या छोट्या प्रोग्रॅमसाठीही आधी शेकडो एमबीचा पाया उतरवावा लागतो. शिवाय नेटवर्कच्या मांडणीत मोबाइलची जोडणी 'मीटर्ड' (मर्यादित डेटाची) म्हणून नोंदवून ठेवता येते.

पोफळ (गुहागर) :

डेबियन उत्तम आहे, याबद्दल दुमत नाही. माझा आक्षेप इतकाच की वाचनालयात ते सांभाळणार कोण. मिंटमध्ये चालक, अद्यतने आणि टाइमशिफ्ट (बिघडलेली प्रणाली पूर्वस्थितीत आणणे) ही तिन्ही कामे ठळक बटणांनी होतात आणि चिटणीस बदलले तरी नव्या माणसाला ती समजावून सांगता येतात. सडा स्वतः राजापूरला महिन्यातून एकदा येणार असतील, तर खुशाल डेबियन बसवा.

हिशेबनीस (अलिबाग) :

एक व्यावहारिक सूचना. चारही यंत्रे एकदम बदलू नका. टॅली हे हिशेबाचे सॉफ्टवेअर विंडोजसाठीच आहे. डिजिटल सहीचे यूएसबी टोकन आणि ते वापरणारी सरकारी संकेतस्थळे लिनक्सवर चालतीलच, असे गृहीत धरून काम अंगावर घेऊ नये. वाचनालयाचे लेखापरीक्षक कोणत्या स्वरूपात हिशेब मागतात, हे आधी विचारा. एक विंडोज यंत्र ठेवणारच असाल, तर ते वाचकांना देऊ नका आणि इंटरनेटशी कामापुरतेच जोडा.

एकाच यंत्रावर दोन्ही प्रणाली ठेवल्या, तर दोन गोष्टी हटकून आडव्या येतात. लिनक्स संगणकाच्या आतले घड्याळ जागतिक प्रमाणवेळेवर ठेवते आणि विंडोज तीच वेळ स्थानिक मानते, म्हणून विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागे दिसते. वर्गणीच्या पावतीवर चुकीची तारीख पडू शकते. दुसरे म्हणजे, विंडोजमधील 'फास्ट स्टार्टअप' बंद केला नाही, तर लिनक्समध्ये डिस्कचा विंडोजचा भाग केवळ वाचण्यापुरता उघडतो आणि लोकांना वाटते की डिस्क बिघडली. दोन्हींवर सोपे उपाय आहेत, पण ते पहिल्याच दिवशी करावेत.

मीठगर (वेंगुर्ले) :

विजेबद्दल कोणी विस्ताराने लिहिले नाही, म्हणून लिहितो. लिनक्सची नेहमीची एक्स्ट-४ फाइलप्रणाली जर्नल (बदलांची नोंदवही) ठेवते, त्यामुळे वीज अचानक गेली तरी डिस्कची रचना सहसा शाबूत राहते. पण हे संरक्षण रचनेचे आहे; जतन न केलेल्या मजकुराचे नाही. लिबरऑफिसमध्ये आपोआप जतन करण्याचे मूळ अंतर १० मिनिटांचे असते, ते २ किंवा ३ वर आणा आणि 'नेहमी राखीव प्रत ठेवा' हा पर्याय सुरू करा. यूपीएस घेताना त्याला संगणकाशी बोलणारी यूएसबी जोडणी आहे का, हे दुकानातच विचारा. ती असेल, तर बॅटरी संपत आल्यावर लिनक्स स्वतःहून व्यवस्थित बंद होण्याची सोय करता येते. बाजारातील स्वस्त यूपीएसना ती बहुधा नसते.

टाइमशिफ्टवर मात्र विसंबून राहू नका. ते मूळ मांडणीत प्रणालीच्या फायली सांभाळते; आपली कागदपत्रे त्यात येत नाहीत. सभासदांची नोंद आणि इतिवृत्ते यांची प्रत वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क वाचनालयाच्या इमारतीत ठेवू नये. जून २०२० मधील निसर्ग वादळ आणि जुलै २०२१ मधील चिपळूणचा पूर पाहिलेल्या आपल्या जिल्ह्यांतील माणसांना याचे कारण सांगावे लागत नाही.

आणखी एक. पावसाळ्यात संगणक सुरूच झाला नाही किंवा मध्येच अडकू लागला, तर लगेच लिनक्स काढून टाकू नये. खाऱ्या, दमट हवेने रॅमचे सोनेरी संपर्क काळवंडतात. वीजजोडणी काढून, रॅम बाहेर घेऊन ते संपर्क साध्या खोडरबराने हलके पुसले की अनेक 'सॉफ्टवेअरचे' दोष नाहीसे होतात. वाचनालयाला चार महिने सुट्टी नसते, पण संगणक रोज थोडा वेळ सुरू ठेवला तरी आतील ओल कमी राहते.

खाडीकाठ (राजापूर तालुका) :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. विश्वस्तांशी बोलून असे ठरवले आहे की वाचकांच्या दोन यंत्रांवर आधी मिंट एक्सएफसीई बसवावे, देवघेवीचे यंत्र त्यानंतर घ्यावे आणि पत्रव्यवहाराच्या यंत्रावर तूर्त विंडोज राहू द्यावे. एक शंका उरते : ग्रंथपाल ताईंना युनिकोडमध्ये रेमिंग्टन पद्धतीनेच लिहिता येईल का? या वयात नवी कळफलक रचना शिकण्याची त्यांची इच्छा नाही, आणि मलाही त्यांच्यावर ती लादावीशी वाटत नाही.

पोफळ (गुहागर) :

येईल. 'इनपुट मेथड'मध्ये (टंकलेखनाच्या पद्धतींच्या मांडणीत) आयबस निवडून एम-१७-एन हा कळफलक रचनांचा संच बसवा. त्यात मराठीसाठी इनस्क्रिप्ट, फोनेटिक, गमभन आणि रेमिंग्टन असे पर्याय मिळतात. टंकलेखन यंत्रावरील काही चिन्हांच्या जागा थोड्या सरकलेल्या आढळतील, म्हणून ताईंना वाचकांच्या यंत्रावर आधी एखादे इतिवृत्त लिहून पाहू द्या आणि ज्या कळा वेगळ्या निघतील त्यांची चिठ्ठी पडद्याशेजारी चिकटवा.

मुलांना शिकवताना मात्र इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण रचनाच शिकवा. ती मिंटमध्ये कळफलक रचनेतच आहे, वेगळे काही बसवावे लागत नाही. र च्या कळीवर शिफ्ट धरले की ऱ आणि ल च्या कळीवर शिफ्ट धरले की ळ मिळतो. पेन ड्राइव्ह तयार करताना अडचण आली, तर यंत्रांचे मॉडेल आणि प्रिंटरचे नाव येथेच लिहा.