.२४३ मधून हरणासाठी कुठली बुलेट?
एकाने विचारलंय की .२४३ विंचेस्टर काडतुसाच्या रायफलमधून टेक्सासच्या व्हाइटटेल हरणावर ५८ ग्रेनची (ग्रेन म्हणजे बुलेटच्या वजनाचं माप) बुलेट चालेल का, तर कृपया नको, ती पातळ जॅकेटची (बाहेरच्या धातूच्या आवरणाची), कोयोटीसारख्या छोट्या जनावरासाठी असते, खांद्याच्या हाडावरच फुटू शकते आणि हरीण जखमी होऊन लांब पळतं, फार वाईट हाल होतात त्याचे. ९५-१०० ग्रेनची घ्या, नळीतल्या खाचांचा १० इंचाचा ट्विस्ट (इतक्या लांबीत एक फेरा) तिला नीट स्थिर ठेवतो. शिशाऐवजी कॉपरची (तांब्याची) हवी असेल तर ८०-८५ पण पुरे, आणि कॅलिफोर्नियात तर शिकारीला २०१९ पासून शिशाच्या बुलेट बंदच आहेत. काडतुसं स्वतः भरणार असाल तर पावडर एच-४३५० सारखी स्लो (सावकाश जळणारी), थंडी-उन्हात वेग फार हलत नाही तिचा. चार्ज (पावडरचं प्रमाण) मात्र काडतुसं भरण्याच्या मॅन्युअलमधल्या स्टार्टिंग लोडपासूनच (सुरुवातीच्या कमी प्रमाणापासून) हळूहळू वाढवा, बुलेट बदलली की परत खालून सुरुवात.