रोख शंभर डॉलर
कुणीतरी म्हटलंय की महत्त्वाकांक्षी माणसं मुळातच निडर असतात. नाही पटत बुवा. अमेरिकेतला अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेचंच घ्या. चारचौघांत बोलायच्या नुसत्या विचारानं या गड्याला मळमळायचं. डेल कार्नेगीच्या भाषणवर्गासाठी चेक दिला आणि घाबरून त्याचं पेमेंटच थांबवलं! पुढे ओमाहात, आपल्या गावी, पुन्हा नाव घातलं, तेव्हा मात्र १०० डॉलर रोख मोजले. पळवाटच नको. (हे मला फार आवडतं.) वर्ग संपल्यावर, आलेलं अवसान गळायच्या आत, तिथल्या विद्यापीठात गुंतवणूक शिकवायला घेतली, विद्यार्थी वयानं त्याच्याहून बरेच मोठे. ऑफिसात पदव्या नाहीत, त्याच कोर्सचं प्रमाणपत्र लावलंय. आमच्या सोसायटीच्या सभेत बोलताना माझे हात अजून पाठीमागेच असतात, थरथर दिसू नये म्हणून.