पुनर्विकासाचे शब्द आपण समजून बोलतो का?

मुलुंडकर
आमची इमारत पुनर्विकासाला द्यायचे ठरल्यापासून जिन्यात, भाजीच्या गाडीपाशी, लोकलच्या डब्यातसुद्धा कॉर्पस (विकासक सभासदांना देतो ती रक्कम), आयओडी (बांधकामाला पालिकेची सशर्त मंजुरी), डीम्ड कन्व्हेयन्स हे शब्द सर्रास ऐकू येतात. वर्षभरापूर्वी ते आमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवरही पडले नव्हते. गेल्या सभेत वाचून दाखवलेल्या पत्रात 'मानीव अभिहस्तांतरण', म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सच, असे शब्द आले. सभा संपल्यावर शेजारच्या 72 वर्षांच्या काकूंनी मला बाजूला घेऊन विचारले, "मानीव म्हणजे माणसांशी संबंधित काही असते का रे?" ठरावाला मात्र त्यांनी हात वर करून संमती दिली होती.

अर्थ कठीण नाही. 1963 च्या मोफा या सदनिका-मालकीच्या कायद्याप्रमाणे विकासकाने जमीन व इमारत सोसायटीच्या नावे करून द्यायची असते. तो टाळाटाळ करत असेल, तर 2008 च्या दुरुस्तीमुळे सोसायटी सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकते, आणि विकासकाने सही केली नाही तरी हस्तांतरण झाले असे कायदा मानतो; म्हणून ते 'मानीव'. हे सांगायला दोन मिनिटे पुरतात. ज्या शब्दाचा अर्थ सभेत सांगितलेला नाही, त्यावर मतदान घेऊच नये, असे माझे ठाम मत आहे.

शिवडीची सून
मला हे पटत नाही. शब्द आधी तोंडात येतो आणि अर्थ वापरातून उमगत जातो, भाषेची रीतच ती आहे. ज्या नव्या घराच्या चावीची आपण वाट पाहतो ती 'चावी' आणि ज्या पगारातून हप्ते फेडतो तो 'पगार', हे दोन्ही शब्द पोर्तुगीजांकडून आले. त्या वेळी कुणी सभा घेऊन अर्थ सांगितला नसणार. माझ्या सासूबाई सातवी शिकलेल्या आहेत. 'कॉर्पस' हा शब्द त्यांनी शेजारणीकडून उचलला आणि दुसऱ्याच बैठकीत विकासकाच्या माणसाला विचारले, "कॉर्पस एकदम देणार की हप्त्यांनी?" त्यांना व्याख्या सांगता आली नसती, पण शब्द हाताशी होता म्हणून प्रश्न विचारता आला. अर्थ कळेपर्यंत थांबा म्हटले असते, तर त्या गप्प बसल्या असत्या.

मुलुंडकर
सासूबाईंचे मला खरोखर कौतुक वाटते. पण चावीचा अर्थ चुकला तर फार तर कुलूप उघडत नाही. इथे चुकीच्या समजुतीवर करारनामा नोंदवला जातो आणि मग माघार घेता येत नाही. मूळ दोष घडवलेल्या शब्दांचा आहे. 'चटईक्षेत्र' पाहा: चटई अंथरता येईल एवढी जागा, हे लहान मुलालाही कळते. असे शब्द घडवता येत असताना 'अभिहस्तांतरण' कशाला हवे?

आराखडाकार
मी याच व्यवसायात आहे, म्हणून इथे अडवतो. ओळखीचा वाटणारा शब्दच जास्त फसवतो. चटईक्षेत्र म्हणजे कार्पेट एरिया, घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, असे आपण धरून चालतो; पण एफएसआयलाही आपण 'चटईक्षेत्र निर्देशांक' म्हणतो, आणि तिथे चटईचा काही संबंध नाही. निर्देशांक म्हणजे भूखंडाच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधकाम करता येईल, ते प्रमाण: 1,000 चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक 3 असेल, तर 3,000 चौरस मीटर. त्यात बाहेरच्या भिंतींची जाडीही मोजली जाते. तेवढी चटई मिळणार या समजुतीने हिशेब मांडून बसलेली माणसे मला वरचेवर भेटतात. 'अभिहस्तांतरण' निदान अनोळखी तरी आहे. माणूस थांबून विचारतो, जसे त्या काकूंनी विचारले.

गुहागर ते गोरेगाव
एक शब्द दोन्ही बाजूंनी सुटला आहे. ओसीला, म्हणजे ऑक्युपन्सी सर्टिफिकेटला, मराठीत 'भोगवटा प्रमाणपत्र' म्हणतात, आणि ज्याने गावचा सातबारा एकदा जरी हातात घेतला आहे त्याला 'भोगवटादार' परका नाही. माझ्या वडिलांना ओसी कळेना, भोगवटा म्हणताच ते म्हणाले, "म्हणजे राहायची परवानगी अजून मिळालीच नाही?" मराठी माणसाच्या कागदपत्रांत पिढ्यान्‌पिढ्या असलेले शब्द आधी धुंडाळावेत आणि संस्कृतातून नवे घडवण्याकडे त्यानंतर वळावे, एवढीच माझी विनंती आहे.

मुलुंडकर
चटईक्षेत्राबाबत माझी चूक झाली, ती मान्य करतो. निर्देशांकाचा अर्थ मीही तसाच लावत होतो. सभेची अट मात्र सोडत नाही. रविवारच्या सभेआधी सूचनाफलकावर एक पान लावणार आहे: एकेक शब्द आणि त्याखाली त्याचा आपल्या घराशी असलेला संबंध, सरळ वाक्यांत.

शिवडीची सून
पान जरूर लावा, पण सभा त्यासाठी अडवू नका. आणि कार्पेट एरियापुढे हे आधी लिहा, की रेरा या स्थावर संपदा कायद्याच्या व्याख्येनुसार घरातल्या आतल्या भिंती त्यात धरतात, बाल्कनी धरत नाहीत. आमच्याकडे हे सही झाल्यावर कळले.