तीन वर्षांचं पोर गेम बघून शिकतं म्हणे!

बालवाडीच्या बाई
परवा इथं एका बापाची पोस्ट वाचली आणि डोकं फिरलं. साडेतीन वर्षांचा धाकटा रोज संध्याकाळी थोरल्याशेजारी बसून माइनक्राफ्ट हा ठोकळ्यांचा गेम बघतो, हात न लावता नुसतं बघून ‘नियोजन’ शिकला, तेव्हा पालकांनी उगाच घाबरू नये, असा एकूण मजकूर. खाली सगळ्यांचं ‘नाद खुळा’.

माझ्याकडं असलंच एक पोरगं आहे. गेममधला क्रीपर राक्षस मांजराला भितो, लाकडी कुदळीनं लोखंड निघत नाही, हिऱ्याला लोखंडी कुदळ लागते, सगळं तोंडपाठ. त्याच्यापुढं ठोकळे ठेवले. त्यानं एकावर एक रचले आणि सगळ्यात खालचा शांतपणे ओढून काढला. वरचे कोसळल्यावर माझ्याकडं असा बघतोय, जणू मीच पाडले. गेममध्ये खालचा काढला तरी वरचे हवेत राहतात ना! ह्याला शिकणं म्हणायचं?

अमेरिकेत ट्रोसेथ आणि डीलोश या दोघींचा १९९८ चा प्रयोग आहे. शेजारच्या खोलीत खेळणं कुठं लपवलंय ते दोन वर्षांच्या मुलांना टीव्हीवर दाखवलं. बहुतेकांना आत जाऊन ते सापडेना. तेच खिडकीतनं बघितलेल्यांना सापडलं.

राजारामपुरीकर
तो बाप मीच. वाळू आणि खडी पडते, बाई. खालचा ठोकळा काढला की वाळू खाली येते, आणि हे माझ्या धाकट्याला ठाऊक आहे. गेम न बघता गेमवर लिहायचं म्हणजे कमाल आहे.

आणि प्रयोग अर्धाच का सांगितला? त्यातच अडीच वर्षांच्या मुलांना टीव्हीवर बघूनसुद्धा खेळणं सापडलं होतं. माझा साडेतीनचा आहे.

थोरला खेळताना गप नसतो. ‘अंधार पडायला लागला, लाकडं मोज, दार लाव म्हणून आठवण कर.’ धाकटा मोजतो. सातानंतर नऊ म्हणतो, थोरला परत मोजायला लावतो. घरात दुसरं कोण एवढं बोलतंय त्याच्याशी? मी घरी येतो साडेआठला.

मुस्तफा_९५
आमचं अख्खं बालपण बघण्यातच गेलं की! खिशात रुपया नसायचा. व्हिडिओ गेमच्या पार्लरात खेळणाऱ्याच्या पाठीमागं उभं राहायचं. कुठलं पिंप फोडलं की खायला मिळतं, गाडी कुठं येते, सगळं बघून पाठ. नाणं टाकायच्या आधीच आम्ही तयार. काय बिघडलं आमचं?

कळंब्याची आई
दादा, तुम्ही तीन वर्षांचे असताना पार्लरात उभे होता काय? आणि काय बिघडलं ते वैनींना विचारते.

बाईंना सांगते, मीही पोराला गेमचे व्हिडिओ लावून देते. एक संपला की दुसरा आपोआप सुरू. त्यात एक बाबा किंचाळत शिव्या देत खेळत होता, मला भाजीच्या फोडणीत कळलंच नाही. दोन दिवसांनी पोरानं तीच शिवी मामंजींना घातली, ताटावर. मामंजी अजून माझ्याशी तुटक बोलतात, पोराशी न्हाई.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ ला सांगून ठेवलंय, दोन ते चार वर्षांच्या पोरांना दिवसाला तासाच्या वर पडदा नको. सांगायला काय जातंय? कुकर लावताना पोर धरायला त्यांची माणसं येणार हाईत का?

पेठेतला
बघून शिकायचं तर आपल्या कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर न्या की पोरांस्नी. खांद्यावर बसून फुटबॉलची मॅच बघितलेली पोरं हाईत आम्ही. कोण बॉल सोडतंय, कोण धरून ठेवतंय, तिथंच कळलं. अनिकेत जाधव २०१७ ला १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपला भारताकडनं खेळला, तो ह्याच गावचा. मोबाईलमधनं निघाला न्हाई.

कळंब्याची आई
शिव्यांवरनं मामंजी रुसलेत म्हणून सांगतेय, आणि तुम्ही पोराला स्टेडियमवर न्या म्हणताय!

राजारामपुरीकर
हा हा! पाटाकडील विरुद्ध शिवाजी ह्या दोन संघांची मॅच असली की बंदोबस्ताला पोलीस किती असतात ते मोज म्हणावं धाकट्याला. मोजणी पक्की होईल.

पेठेतला
चार टाळकी दंगा करत्यात म्हणून फुटबॉलला नावं ठेवायची न्हाईत. राजारामपुरीत बसून पेठेवर बोलायचं सोपं हाय. तुमच्या गल्लीत पोरांना खेळायला जागा तरी ठेवलीय का? गाड्या लावल्यात सगळीकडं. आता टर्फ झालेत, तासाचे पैसे मोजा आणि पोराला पळवा. फुकट पळायचं बंद झालं म्हणून पोरं पडद्याला चिकटली. हे कोण लिहीत न्हाई.

मुस्तफा_९५
टर्फवाल्यांवर कशाला घसरता? रात्री अकराला ऑफिस सुटल्यावर आम्ही खेळायचं कुठं? पेठेतली मैदानं तर तुमच्याच मंडळांच्या मांडवांनी भरलेली असतात.

पेठेतला
मंडळावर जाऊ नगंस भावा. पुराच्या टायमाला तुमच्या अपार्टमेंटात भाकरी कुणी पोचवल्या?

मुस्तफा_९५
भाकरी पोचवल्या म्हणून मैदानात वर्षभर खड्डे काढून ठेवायचे?

बालवाडीच्या बाई
पूर, मांडव, टर्फ झालं असेल तर मूळ प्रश्नाकडं येऊ का?

वाळू पडते, बरं. तेवढं ज्ञान आज मिळालं, आभारी आहे. अडीच वर्षांचंही खरं आहे. पण त्या प्रयोगात खेळणं शोधायला पोरांना खऱ्या खोलीत पाठवलं होतं. तुमचा धाकटा बघून झाल्यावर कुठल्या खोलीत जातो, राजारामपुरीकर? आणि लाकडं मोजायला लावतो तो थोरला, गेम नव्हे. थोरला क्लासला गेला की धाकटा कुणाबरोबर बघतो, ते पोस्टमध्ये नव्हतं.

राजारामपुरीकर
थोरला क्लासला गेला की टीव्हीवर रेकॉर्ड केलेलं बघतो. एकटा. तेव्हा मोजत नाही, कबूल. पण म्हणून माझी पोस्ट खोटी ठरत नाही. उद्या ठोकळे घेऊन येतो तुमच्याकडं, माझ्या पोराला खालचा काढायला लावून बघा.

बालवाडीच्या बाई
या. थोरल्याला घरी ठेवून या.

पेठेतला
आणि येताना बॉल आणा. बालवाडीपुढं जागा हाय का, ते आधी सांगा.