मदत हवी आहे: जिमची मेंबरशिप आणि गेस्ट पास

नाशिकमध्ये गंगापूर रोडवरच्या एका भारीतल्या जिममध्ये (नाव मुद्दाम लिहीत नाही) दिवाळीनंतर वर्षाची मेंबरशिप घेतली. स्टीम, सॉना, गार एसी, सगळं झकास. पैसे भरताना काउंटरवर सांगितलं होतं, महिन्याला दोन पाहुणे फुकट आणता येतील, आजारपणात मेंबरशिप दोन महिने थांबवता येईल.

मागच्या रविवारी जळगावहून मेव्हणा आला, त्याला हौसेने घेऊन गेलो. आधी पाचशे रुपये मागितले. मग ट्रेनर त्याला ट्रेडमिलवरून उतरवून थेट सेल्सवाल्याच्या केबिनमध्ये घेऊन गेला! अर्धा तास पॅकेजची पोपटपंची. बिचारा घाम न गाळताच घरी आला, आणि बायकोसमोर माझी शोभा झाली ती वेगळीच.

आता गुडघ्याचं दुखणं निघालंय, डॉक्टरांनी सहा आठवडे विश्रांती सांगितली आहे. जिमवाले म्हणतात, फ्रीझ (म्हणजे मेंबरशिप थांबवणं) फक्त 'प्लॅटिनम' मेंबरशिपला. पावतीवर यातलं काहीच नाही. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून जिमवरचा जीएसटी 18 वरून 5 टक्के झालाय, तरी माझ्या बिलात 18 टक्केच लावलाय.

कोणी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर जिमची तक्रार केली आहे का? तोंडी आश्वासनाला पुरावा काय द्यायचा? व्हॉट्सॲपवरचं त्यांचं बोलणं आहे माझ्याकडे, चालेल का? उरलेले महिने भावाच्या नावावर करून मिळाले असं कोणाच्या बाबतीत झालंय का?

तोवर कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर नुसता बसून येतो.